गावाच्या उपयोगात नसलेली विहीर

वामनराव तिसऱ्यांदा म्हणाले, “बैल बाहेर काढा,” तेव्हा गाडीवानाने नुसते त्यांच्या पायांकडे पाहिले. वामनराव गुडघाभर पाण्यात उभे होते. धोतर वर खोचलेले, एका हातात मिटलेली छत्री आणि दुसऱ्या हातात बैलाची वेसण. मोर्णा नदीच्या डोहात त्या सकाळी चाळीसएक बैल उतरले होते. थोड्याच अंतरावर, त्याच डोहाच्या काठाशी, बायका वाळूत झिरे उकरून वाटीवाटीने घागरी भरत होत्या.

“पंतोजी, हिवरखेडाहून कापूस आनला त्याले तीन दिस झाले,” गाडीवान म्हणाला. “माल अजून गाडीतच हाय. हे मुके जनावर तहानेनं मरून राहिले. त्याईले कुठं नेऊ, ते तरी सांगा.”

 वामनरावांनी वेसण सोडली. बैलाने मान खाली घातली आणि पुन्हा पाणी पिऊ लागला.

त्या चैत्रात अकोल्यात उलट्या-जुलाबांच्या साथीने, पटकीने, माणसे मरत होती. वामनरावांच्या शाळेतली सहा मुले गेली होती. ते स्वतः साताऱ्याकडचे. सरकारी मराठी शाळा निघाली तेव्हा पंतोजी म्हणून इकडे आले, त्याला पाच वर्षे होत आली होती. ते आले तेव्हा अकोला हे दुपारी झोपणारे गाव होते. मग दूर अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि सगळ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. दिवाळीपासून वैशाखापर्यंत गाड्यांची रांग तुटत नसे. अडते आले, दलाल आले, सरकी काढणाऱ्या बाया आणि हमाल आले. गाव दुपटीने वाढले. पाणी मात्र होते तेवढेच राहिले. इथली जमीन पोटातून खारी. कुठेही खणा, लागणारे पाणी असे, की तहानलेले जनावरही तोंड फिरवी. उरला तो मोर्णेचा डोह आणि मोजक्या गोड विहिरी. त्या कुठे आणि किती आहेत, हे नीट कोणालाच ठाऊक नव्हते.

डोहावरून वामनराव ओल्या धोतरानेच भगवंतरावांच्या अडतीवर गेले. भगवंतराव कापसाचे मोठे अडते, गावात शब्दाला वजन असलेले. एरवी त्यांनी पंतोजींना पान देऊन वाटेला लावले असते. पण पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ सकाळी धडधाकट उठून संध्याकाळी गेला होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, की करायचे काय.

त्याच आठवड्यात शाळेच्या ओसरीवर नऊ माणसे जमली. त्यांत अडते होते, एक वैद्य होते, पेठेतले जुने कापडवाले होते. बाजाराने त्यांना ‘पाणीमंडळी’ म्हणायला सुरुवात केली, प्रथम थट्टेने आणि मग सवयीने. बहुतेकांचे म्हणणे, कचेरीतल्या इंग्रज साहेबाकडे अर्ज करावा, की डोहावर पहारा बसवा. वामनरावांनी त्यांना समजावले, की नुसती तक्रार कचेरीत रोजच येते आणि रोजच बासनात जाते. आपण साहेबाला असे काही द्यावे, की जे त्याला बाजूला ठेवता येणार नाही. गावातली प्रत्येक विहीर पाहावी. ती कोठे आहे, कोणी खणली, खोल किती, पाणी कसे, उन्हाळ्यात टिकते की आटते, हे सगळे एका तक्त्यात मांडावे आणि सोबत गावाचा नकाशा जोडावा. एकदा गोष्ट खरी आणि पुरती लिहिली गेली, की ती नाकारता येत नाही, असे ते म्हणाले. ते हेच रोज वर्गातही सांगत असत.

पाणी चाखायला त्यांनी जैनुद्दीन भिश्तीला बरोबर घेतले. साठीला आलेला हा माणूस तीस वर्षे पाठीवर चामड्याची मशक घेऊन सराईला, मशिदीला आणि बाजाराला पाणी पुरवत आला होता. त्याच्या उजव्या खांद्याला मशकीच्या पट्ट्याने खोबण पडली होती आणि मशक नसली तरी तो किंचित डावीकडे झुकून चाले.

“मले लिहिता येत नाई, पंतोजी,” तो पहिल्या दिवशी म्हणाला. “पन सारं गाव माझ्या जिभेवर हाय.”

दोघे रोज सकाळी शाळेच्या आधी निघत. जैनुद्दीन पोहरा टाकी, ओंजळभर पाणी तोंडात घेई, गालांत फिरवी आणि थुंकून टाकी. मग एकच शब्द सांगे. खारं. मचूळ. खारं. वामनराव दोरीला मारलेल्या गाठींनी खोली मोजत आणि तक्ता भरत. ज्या विहिरींजवळ वामनरावांना जाता येई तिथे ते जात. जिथे जाता येत नसे, तिथे दूर उभे राहून विचारून घेत. एकोणीस दिवसांत त्रेसष्ट विहिरी झाल्या. गोड निघाल्या त्या नऊ, आणि त्यांतल्या आठ कोणाच्या ना कोणाच्या वाड्यात.

नववी महारवाड्यात होती, नदीच्या वरच्या अंगाला. तिच्याविषयी जैनुद्दीननेही नुसते ऐकले होते. ते पोहोचले तेव्हा एक म्हातारी काठावर बसून दोर सोडत होती. पंतोजींना पाहून ती उठली, दोन पावले मागे सरली आणि जोहार केला. तिचे नाव रुख्मिणी. ही विहीर तिच्या सासऱ्याने, नत्थूने, मोठ्या दुष्काळाच्या साली आपल्या भावकीला घेऊन खणली होती.

वामनराव बाभळीखाली उभे राहिले, विहिरीपासून वीस-बावीस हातांवर. तिथून त्यांनी आपले काम सांगितले. रुख्मिणीने ऐकून घेतले, पण दोर हातातून सोडला नाही.

“लिहून काय होते, मायबाप?” तिने विचारले. “आमची इहीर कोनाले ठाऊक नाई, म्हनूनच साबूत हाय.”

वामनरावांनी तिला नीट समजावले. लिहिले नाही तर उद्या कोणीही येऊन ती बुजवील किंवा घाण करील, आणि ती होती असे सांगायलाही कोणी उरणार नाही. कागदावर आली, कचेरीत गेली, की सरकारच्या नजरेखाली आली. मग तिला कोणी हात लावू शकणार नाही. कदाचित दगडाने बांधूनही मिळेल.

“तुमी सांगता?”

“मी सांगतो.”

तिने पोहरा भरून वर काढला आणि खाली ठेवून बाजूला झाली. जैनुद्दीन पुढे झाला. त्याने नेहमीसारखी ओंजळ तोंडात घेतली, पण थुंकला नाही. घोट गिळला, दुसरी ओंजळ घेतली, तीही प्यायला. मग ओला हात तोंडावरून फिरवला.

“गोड,” तो म्हणाला. “पंतोजी, असं पानी साऱ्या गावात नाई.”

वामनरावांनी लिहिले. खणणाराचे नाव, नत्थू. खोली, सव्वीस हात. पाणी, उत्तम गोड. उन्हाळ्यात, बारमाही. तक्त्याला शेवटचा एक रकाना होता, ‘गावाच्या उपयोगात आहे काय’. त्यात त्यांनी ‘नाही’ असे लिहिले. लिहिताना हात अडखळला नाही. त्या विहिरीवर गावातले कोणी जात नव्हते, ही गोष्ट खरीच होती.

मंडळीच्या बैठकीत मात्र या विहिरीवरून वाद झाला. जिथे आपल्याला जायचे नाही ती तक्त्यात कशाला, असे कापडवाल्यांचे म्हणणे. वामनराव हटले नाहीत. तक्ता पुरता असेल तरच त्याला किंमत, एक विहीर गाळली तर बाकीच्या बासष्टांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. अखेर भगवंतराव म्हणाले, राहू द्या, पंतोजींचे काम आहे. वाड्यांतल्या आठ विहिरी मात्र गावासाठी खुल्या कराव्यात, हे अर्जातले कलम त्यांनी शांतपणे काढायला लावले. त्यांतली एक त्यांचीच होती. त्या दिवशी घरी जाताना वामनरावांना आपण जिंकलो असेच वाटत होते.

अर्जावर दोनशे बारा सह्या आणि अंगठे झाले. असा कागद अकोल्यातून कधी गेला नव्हता. वैशाखाच्या सुरुवातीला तो कचेरीत पोहोचला.

त्यानंतर आठ दिवसांनी जैनुद्दीन गेला. पहाटे उलट्या सुरू झाल्या आणि दुपारी सगळे संपले. वामनरावांना कळले तेव्हा जनाजा निघाला होता. ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मग दोन दिवसांनी त्याच्या दारात गेले. त्याची बायको आयशाबी पडद्याआडून बोलली. तिने एवढेच विचारले, की त्या विहिरींमधल्या कुठल्या पाण्याने हे झाले काय.

“सगळीकडे थुंकून टाकत होता,” वामनराव म्हणाले. “एकाच ठिकाणचे प्यायला. ते चांगले होते.”

 मग ती म्हणाली, की घरी येऊन त्याने त्या पाण्याची गोष्ट सांगितली होती. तेवढ्यावर ते बोलणे संपले. त्रेसष्ट विहिरींचे पाणी आपणच त्याच्या तोंडात घालायला लावले, हे वामनराव तिला म्हणाले नाहीत. 

ज्येष्ठ लागताना कचेरीतून उत्तर आले. मंडळी ओसरीवर जमली आणि वामनरावांनी ते वाचून दाखवले. पहिल्या परिच्छेदात साहेबाने मंडळीची तारीफ केली होती. डोहावर पहारेकरी नेमण्याचा विचार योग्य वेळी होईल, असे दुसऱ्यात होते. तिसऱ्याशी आल्यावर वामनरावांचा आवाज बारीक झाला. कापसाच्या गठाणी दाबण्याचा वाफेचा कारखाना नदीकाठी उभा राहत आहे. खाऱ्या पाण्याने त्याच्या यंत्राच्या पोटात क्षाराचा खडा धरतो. सबब, तक्त्यातील त्रेसष्टाव्या अनुक्रमावरची विहीर, जी बारमाही आणि गोड असून गावाच्या उपयोगात नाही, ती कारखान्याकडे देण्यात येत आहे.

ऐकणाऱ्यांपैकी एकदोघांनी माना डोलावल्या. त्यांच्या लेखी यात वाईट बातमी नव्हती.

वामनराव कचेरीत गेले. साहेबाने त्यांना खुर्ची दिली. मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत तो म्हणाला, की तीन वर्षांत इतका स्वच्छ कागद त्याने पाहिला नव्हता. वामनरावांनी सांगितले, की त्या विहिरीवर चाळीस घरे जगतात. साहेबाला खरोखर नवल वाटले. त्याने तक्ता मागवला, त्रेसष्टाव्या ओळीवर बोट ठेवले आणि ते शेवटच्या रकान्यापर्यंत सरकवत नेले. अक्षर वामनरावांचेच होते, वळणदार आणि ठसठशीत. साहेबाने नरमाईने विचारले, की हे चुकीने लिहिले गेले काय? आणि तसे असेल, तर बाकीच्या ओळी कशा मानायच्या?

आपण काय उत्तर दिले, ते वामनरावांना पुढे आठवत नसे. कागदावर पडलेले ऊन आठवे.

दुसरा अर्ज त्यांनी त्याच दिवशी लिहिला आणि भगवंतरावांपुढे ठेवला. भगवंतरावांनी तो पुरता वाचला. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून बाजूला ठेवला. ते रागावले नव्हते. कारखाना आला, की गठाण दाबून निम्मी होईल, गाड्या लवकर मोकळ्या होतील, बैलही डोहात कमी उतरतील, असे त्यांनी समजावून सांगितले. यात काही खोटे नव्हते.

“एक विचारू काय, पंतोजी?” ते शेवटी म्हणाले. “त्या इहिरीचं पानी तुमी कधी पेले?”

वामनरावांनी अर्ज आपल्याकडे ओढून घेतला.

“मंग मी कोनाले सही मांगू?”

त्या अर्जावर सही झाली ती एकट्या वामनरावांची. सरकारी नोकराने असे अर्ज करू नयेत, एवढेच तोंडी उत्तर कचेरीतून आले. मंडळी पुन्हा जमली नाही. कोणी ती मोडली नाही, नुसते येणे थांबले.

कारखान्याच्या माणसांनी विहिरीभोवती काटेरी कुंपण घातले, त्या सकाळी वामनराव महारवाड्यात गेले. कुंपणाच्या आत दोघे गवंडी चुना मळत होते. विहीर दगडाने बांधली जात होती. रुख्मिणी कुंपणाबाहेर, रिकामी घागर शेजारी ठेवून बसली होती. तिने उठून जोहार केला नाही. वामनराव या वेळी बाभळीखाली थांबले नाहीत. तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“तुमी म्हनलं होतं, कागदावर आली म्हंजे कोनी हात लावत नाई,” ती म्हणाली.

“हो.”

“मंग हा कागद दुसरा होता काय?”

“नाही,” वामनराव म्हणाले. “तोच होता.”

तिने मान हलवली, जणू तिला तेवढेच जाणून घ्यायचे होते. मग घागर उचलून ती नदीकडे चालू लागली, डोहाच्या खालच्या अंगाला, महारवाड्याला पाणी भरायची मुभा होती तिथे. तिथे बैल ढवळून सोडत तेच पाणी वाहत येई.

महारवाड्यात पटकी त्या दिवसापर्यंत आली नव्हती. पुढे ती आली. पहिल्या पावसाआधी किती माणसे गेली, हे वामनरावांना कधीच कळले नाही. रुख्मिणी गेली आणि तिची सून गेली, एवढे त्यांनी बाजारात ऐकले. बाकीच्यांची नावे विचारायला ते एकदा तिकडे गेले. कोणीतरी कोठेतरी लिहून ठेवायला हवीत, असे त्यांना वाटत होते. पण हातात कागद पाहिल्याबरोबर बायका उठून आत गेल्या. दारे लागली. ते गल्लीत थोडा वेळ उभे राहिले आणि परतले.

पुढच्या पौषात अमरावतीहून पत्र आले. तिथेही गावकऱ्यांची एक समिती झाली होती आणि तिला वरून पाठबळ होते. अकोल्याच्या तक्त्याची कीर्ती तिथवर पोहोचली होती. वामन पंतोजींनी तीन महिने येऊन तसाच तक्ता करून द्यावा, शाळेवर बदली माणूस नेमला आहे, असे त्यात होते. वामनरावांनी पत्र बायकोसमोर ठेवले. वच्छला निवडत असलेले तांदूळ सोडून पत्र हातात धरून बसली. तिला वाचता येत नव्हते, पण नवऱ्याच्या चेहऱ्यावरून तिला पत्र कळले होते.

“नाही म्हणा,” ती म्हणाली.

“नोकरी आहे. म्हणता येत नाही.”

“मग आजारी पडा.”

त्यांनी तसे करून पाहिले. दोन आठवडे अंथरूण धरले. तिसऱ्या आठवड्यात कचेरीतला डॉक्टर येऊन नाडी पाहून गेला, आणि फाल्गुनात ते बैलगाडीतून अमरावतीला निघाले.

अमरावतीचे दुखणे वेगळे होते. तिथे खार कमी. बहुतेक विहिरी गोड, पण माघ सरला की तळाला जात. म्हणून तिथे महत्त्वाचा रकाना एकच होता, उन्हाळ्यात टिकते की आटते. वामनराव दिवसाला सात-आठ विहिरी पाहत. चाखायला कोणाला बरोबर घेत नसत. समितीने माणूस देऊ केला होता, त्यांनी नको म्हटले. समितीतली माणसे भली होती. त्यांचे पुढारी, महादेवराव नावाचे वकील, रोज संध्याकाळी आपल्या घरी बोलावून त्यांना जेवू घालत आणि विचारत, की आज किती झाल्या. त्यांच्याच तोंडून एकदा निघाले, की गावाच्या पूर्वेला दोन कारखान्यांसाठी जागा पाहणे चालू आहे, आणि खरी अडचण पाण्याची आहे.

दुसऱ्या दिवशी वामनराव पूर्वेकडे गेले. वाटेत मोकळ्या रानात ओळीने खुंट्या ठोकलेल्या होत्या, प्रत्येकीवर पांढऱ्या फडक्याची चिंधी. त्या खुंट्यांच्या पलीकडे, ओढ्याच्या काठाला महारवाडा होता. विहिरीवर पाच-सहा बायका होत्या. त्यांच्यात बोलणारी होती ती जमुना, तिशीची, उंच, आवाजाने खणखणीत. विहिरीची ढासळलेली बाजू तिने दुरूनच दाखवली. गेल्या पावसाळ्यात ती बाजू बसली, तेव्हा पाणी काढणारी तिची जाऊ दरडीबरोबर आत गेली होती. समितीकडे त्यांनी तीनदा निरोप पाठवला होता. तक्ता करणारे पंतोजी येतील, ते पाहून लिहितील, मग पाहू, असे उत्तर मिळाले होते. म्हणून त्या बायका वामनरावांची वाट पाहत होत्या.

“तुमचीच वाट पाहून राहिलो होतो,” जमुना म्हणाली.

वामनराव विहिरीजवळ गेले. बायका मागे सरल्या. त्यांनी दोर सोडून खोली मोजली, पाणी किती आहे ते पाहिले. फाल्गुन संपत आला होता आणि विहिरीत तीन पुरुष पाणी होते. मग त्यांनी काठावर बसून दोन्ही हात पुढे केले.

“थोडे घाला.”

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

“आमच्या हातचं?” जमुनेने विचारले. “पंतोजी, कोनी पाह्यलं तर मार आमाले पडन.”

“इथे कोणी नाही.”

तिने रस्त्याकडे एकदा पाहिले आणि पोहरा कलता केला. वामनराव प्यायले. ओंजळ रिकामी झाल्यावरही हात तसेच ठेवले, म्हणून तिने आणखी घातले. पाणी थंड होते, आणि गोड होते. त्यांनी डोळे पुसले. बायकांना वाटले, पाणी उडाले.

“कधी आटते?” त्यांनी विचारले.

“कधीच नाई. माझी सासू म्हने, साऱ्या गावाच्या इहिरी कोरड्या पडल्या त्या सालीबी आटली नाई. तेच तर लिहा. पानी चांगलं हाय, निसती बाजू बांधून पाह्यजे.”

वामनरावांनी मांडीवर तक्ता ठेवला, दौत उघडली. खरे लिहिले, तर ही विहीर बांधली जाईल. ती कोणासाठी बांधली जाईल, ते दोनशे पावलांवरच्या खुंट्या सांगत होत्या. खोटे लिहिले, तर तिच्याकडे कोणी फिरकणार नाही. मग पुढच्या पावसाळ्यात दुसरी बाजूही बसेल. त्या वेळी काठावर कोण असेल, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते बराच वेळ बोरू धरून बसले. उन्हाने बोरूच्या टोकावरची शाई वाळली, तेव्हा त्यांनी तो पुन्हा बुडवला.

मग त्यांनी लिहिले, ‘पाणी मचूळ. चैत्रात आटते.’

इतक्या वर्षांत त्यांनी कागदावर मुद्दाम खोटे लिहिले होते ते हे पहिले. अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले.

जमुना वाकून कागदाकडे पाहत होती. पुरेशा अंतरावरून, पण लक्ष देऊन.

“काय लिहिलं, वाचून दाखवा ना,” ती म्हणाली. “याईलेबी आयकू द्या.”

बाकीच्या बायका जरा जवळ आल्या. एकीने कडेवरचे पोर खाली ठेवले. वामनरावांनी तक्ता वर धरला आणि ओळीवर बोट ठेवून, वर्गात वाचत तसे, एकेक शब्द सुटा करून वाचले.

“पाणी गोड. बारमाही. एक बाजू ढासळलेली. लवकर बांधून द्यावी.”

जमुनेने ते शब्द तसेच्या तसे स्वतःशी म्हटले, मग मागे वळून इतरांना सांगितले, जणू त्यांनी ऐकलेच नव्हते. एक म्हातारी पुढे येऊन जमिनीला हात लावून पंतोजींच्या पाया पडली.

“गवंडी कधी येतीन?” जमुनेने विचारले.

“पावसाच्या आधी.”

“मंग आमी ओढ्यातले दगड आनून ठेवतो. त्याईचं तेवढं काम हलकं.” तिने पदर खोचला आणि ओढ्याच्या पात्राकडे पाहून अंदाज घेतला. “इथंच रचून ठेवू काय, का त्या बाजूले?”

वामनरावांनी शाई वाळायची वाट न पाहता कागदाची घडी घातली.

“इथेच,” ते म्हणाले. “इथेच ठेवा.”